शोधणाऱ्याचा शब्द

पुण्याच्या पश्चिमेकडची घरे विकणाऱ्या संकेतस्थळांवर एका ठरावीक घाटाचा परिच्छेद वारंवार भेटतो. ‘बाणेरमध्ये 2 बीएचके फ्लॅट शोधताय? बाणेरमधील 2 बीएचके फ्लॅट घेण्यासाठी बाणेर, बालेवाडी, वाकड, हिंजवडी परिसरातील सर्वोत्तम 2 बीएचके फ्लॅट येथे पाहा.’ पान खाली सरकवत गेले की फोटो येतात, पोहण्याचा तलाव येतो, कर्जाच्या हप्त्याचा हिशेब येतो आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत पत्ता येतो: सूस. सूस हे बाणेरच्या शेजारचे, महामार्गापलीकडचे गाव. 2021 साली ते पुणे महापालिकेत आले. तिथे राहायला काही वाईट नाही. डोंगर जवळ आहे आणि दरही बाणेरपेक्षा परवडणारे आहेत. प्रश्न वेगळा आहे. जो माणूस ‘बाणेर’ हा शब्द लिहून घर शोधत होता, त्याला न सांगता सूसच्या पानावर आणून बसवणे कशात मोडते? व्यवहारचातुर्यात, की असत्यात?

असे पान लिहिणाऱ्याला विचारले तर तो शांतपणे सांगतो की हा कीवर्ड आहे. लोक गूगलवर काय टाइप करतात ते आधी पाहायचे, त्यातले जास्त शोधले जाणारे शब्द निवडायचे, ते शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात, उपशीर्षकांत, फोटोंच्या नावांत घालायचे, म्हणजे पान वर येते. पान वर आले की लीड, म्हणजे गिऱ्हाइकांच्या चौकशा, येतात आणि लीड आल्या की साइट व्हिजिट होतात. ‘सूस’ शोधणारे थोडे, ‘बाणेर’ शोधणारे पुष्कळ, म्हणून पानावर बाणेर. या उत्तरात लपवाछपवी नाही, धंद्यात हे उघडपणे शिकवले जाते. पण घर ही बहुतेक कुटुंबांची आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी. वीस वर्षांचे हप्ते, मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईवडिलांचा दवाखाना हे सगळे त्या एका पत्त्याला बांधलेले असते. त्या खरेदीच्या दारातच जो शब्द भेटतो तो खरा असावा की नसावा, हे एकट्या मार्केटिंगवाल्यांनी ठरवायचे नाही. वाणीच्या सत्याविषयी आपल्याकडच्या धर्मविचाराने फार खोलवर विचार केला आहे आणि तो इथे थेट लागू पडतो.

आधी कीवर्डची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. महानुभाव पंथाचे आचार्य नागदेव यांची एक आठवण ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आहे. पंथातले विद्वान संस्कृताकडे वळू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. चक्रधरस्वामींनी आपल्याला मराठीतच सांगितले, आणि संस्कृताचा आग्रह धरला तर साध्यासुध्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. ऐकणाऱ्याच्या शब्दांत बोलणे हे बोलणाऱ्याचे कर्तव्य आहे, ही भूमिका मराठी ग्रंथरचनेच्या अगदी आरंभीची आहे. चांगला कीवर्ड तेच काम करतो. बिल्डरचे माहितीपत्रक ‘लक्झरी लिव्हिंग’, ‘प्रीमियम लाइफस्टाइल’ अशा भाषेत बोलत असते. घर घेणारा मात्र ‘स्टेशनपासून चालत’, ‘ओसी मिळालेली इमारत’, ‘पाण्याचा प्रॉब्लेम नसलेली सोसायटी’, ‘तळमजल्यावर वन बीएचके, ज्येष्ठांसाठी’ असे शोधतो. हे शब्द म्हणजे त्याचे प्रश्न आहेत, त्याच्या काळज्या आहेत. ते गोळा करून त्यांच्याच भाषेत उत्तर लिहिणारा माणूस ग्राहकाचे ऐकतो आहे. त्याला दोष देण्यासारखे काही नाही. उलट, ज्या पानावर ‘भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळाले आहे का?’ हा प्रश्न ठळक अक्षरांत आणि त्याखाली स्पष्ट ‘होय’ किंवा ‘अजून नाही’ असते, ते पान कीवर्डचा सर्वांत सात्त्विक उपयोग करते.

मग बिघडते कुठे? पतंजलीच्या योगसूत्रांत यमांची यादी येते तेव्हा अहिंसेपाठोपाठ सत्य येते. तिथे व्यासभाष्याने सत्याचा जो खुलासा केला आहे तो ‘खोटे बोलू नये’ एवढ्यावर थांबत नाही. बोलण्याचा हेतू काय, हेही भाष्य सांगते: आपल्याला जे कळले ते दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे. हा हेतू ज्यांनी मोडतो असे तीन दोष ते सांगते. वाणी फसवी असता कामा नये, ती स्वतःच गोंधळलेली असता कामा नये, आणि ऐकणाऱ्याला काहीच बोध न देणारी, म्हणजे वांझ, असता कामा नये. यापुढे भाष्य आणखी एक अट घालते. ती वाणी प्राणिमात्रांच्या भल्यासाठी हवी. तिने कुणाचे नुकसान होत असेल तर ती पुण्यासारखी दिसते, पण पुण्य नसते. घरे विकणाऱ्या पानांवर हे तिन्ही दोष जसेच्या तसे सापडतात.

वांझ वाणी ओळखायला सर्वांत सोपी. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त, म्हणजे गेली कित्येक शतके न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हाती पहिल्यांदा पडणाऱ्या पोथीत, वाक्य कशाने होते याचा विचार आहे. शब्दांना एकमेकांची अपेक्षा हवी, त्यांचा अर्थ जुळायला हवा आणि ते लागोपाठ उच्चारले जायला हवेत. पहिली अट मोडल्याचे उदाहरण म्हणून तिथे गाय, घोडा, माणूस, हत्ती असे नुसते ओळीने ठेवलेले शब्द येतात. प्रत्येक शब्द धड आहे, तरी वाक्य झालेले नाही, कारण कोणाचा कोणाशी संबंध नाही. आता ‘फ्लॅट बाणेर, फ्लॅट बालेवाडी, फ्लॅट वाकड, फ्लॅट सूस, फ्लॅट म्हाळुंगे’ ही पानाच्या तळाची ओळ वाचावी. अन्नंभट्टाला नवे उदाहरण शोधावे लागले नसते. ही ओळ माणसासाठी लिहिलेलीच नाही. ती वाचून कुणाला काही कळावे अशी लिहिणाऱ्याची इच्छाही नाही. पूर्वी तर पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत असे शब्द ठेवत, म्हणजे यंत्राला ते दिसावेत आणि माणसाला दिसू नयेत. बोलायचे एकाशी आणि ऐकवायचे भलत्यालाच, अशी ही वाणी.

यंत्र बनवणाऱ्यांनाही हे पटले नाही, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. पानाच्या आत, वाचकाला न दिसणाऱ्या जागी कीवर्डची यादी देण्याची सोय होती. पानांचा क्रम लावताना आम्ही ती यादी विचारातच घेत नाही, असे गूगलने 2009च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केले. गावांची आणि शहरांची नावे ठासून भरलेले परिच्छेद हे आज गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात निषिद्ध प्रकाराचे उदाहरण म्हणून दिलेले आहेत. एकाच ठिकाणी नेणारी, पण प्रत्येक गावाच्या नावाने वेगळी केलेली पाने, ज्यांना दरवाजाची पाने म्हणतात, त्यांच्याविरुद्ध 2015 साली खास बदल झाला. माणसांना उपयोग नसलेला मजकूर घाऊक प्रमाणात तयार करण्याविरुद्धचे धोरण 2024च्या मार्चमध्ये आले. मग तो मजकूर माणसाने लिहिलेला असो वा कृत्रिम बुद्धिमत्तेने. म्हणजे ‘यंत्राला हेच लागते’ हा बचाव आता उरलेला नाही. तरीही इथे सावध राहिले पाहिजे. गूगल शिक्षा करते म्हणून हे वाईट, असे म्हटले तर उद्या धोरण बदलल्यावर ते चांगले ठरेल. हे वाईट आहे, कारण समोर एक माणूस उत्तराची वाट पाहत बसला आहे आणि त्याच्या वाटेत अर्थहीन शब्दांचा ढीग ओतला जातो आहे.

गोंधळलेली वाणी जास्त धोकादायक, कारण ती प्रामाणिक वाटते. संकेतस्थळाचे पान लिहिणारा बहुतेक वेळा जागेवर गेलेला नसतो. त्याच्या हाती कीवर्डची यादी येते आणि तो ती वाक्यांत बसवतो. ‘एनए प्लॉट’ हा त्यातला जहाल शब्द. मुळशीत, मावळात, कर्जतकडे जमीन पाहणाऱ्याच्या मनात या दोन अक्षरांचा अर्थ पक्का असतो: जमीन बिनशेती झाली आहे, इथे घर बांधता येईल. प्रत्यक्षात सातबाऱ्यावर शेती असते, कधी अर्ज केलेला असतो, कधी तोही नसतो. लिहिणाऱ्याला ‘एनए झालेला’ आणि ‘एनए होणार असलेला’ यांतला फरक ठाऊकच नसेल, तर त्याने जाणूनबुजून फसवले असे म्हणता येणार नाही. व्यासभाष्य मात्र त्याला सोडत नाही. जे आपल्याला नीट कळलेले नाही ते कळल्यासारखे दुसऱ्याच्या गळी उतरवणे हाही सत्याचाच भंग आहे. ‘वास्तुशास्त्रानुसार’ या शब्दाचेही तेच. मुख्य दार पूर्वेला आहे ही वस्तुस्थिती आहे, होकायंत्र ठेवून ती तपासता येते आणि ज्याला ती महत्त्वाची वाटते त्याला ती कळलीच पाहिजे. पण लोक शोधतात म्हणून, कुणीही काहीही न पाहता, प्रत्येक इमारतीला ‘वास्तुशास्त्रानुसार’ म्हणून टाकणे हा दुसऱ्याच्या श्रद्धेचा गैरफायदा आहे. वास्तूवर विश्वास ठेवावा की नाही, हा वेगळा वाद. ज्याचा विश्वास आहे त्याला खोटे सांगू नये, याबद्दल वाद असण्याचे कारण नाही.

आणि मग उघड फसवी वाणी. तिचे गमक असे की तिच्यातला एकेक शब्द खरा असू शकतो. मराठी माणूस ‘नरो वा कुंजरो वा’ हे सहज बोलून जातो, पण महाभारताने त्या प्रसंगाचा पिच्छा कुठवर पुरवला आहे हे क्वचित आठवले जाते. अश्वत्थामा मेला हे युधिष्ठिराचे वाक्य खरे होते, द्रोणांच्या मुलाच्या त्या नावाचा हत्ती खरोखर मेला होता. हत्तीचा उल्लेख त्याने हळू आवाजात केला आणि द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले. त्या क्षणी जमिनीपासून चार बोटे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ खाली टेकला, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. पुढे स्वर्गारोहण पर्वात, सगळे संपल्यावर, युधिष्ठिराला नरक पाहावा लागतो आणि इंद्र त्याला कारण सांगतो: तू द्रोणांना मुलाविषयी भासाने फसवलेस, म्हणून तुलाही भासाने नरक दाखवला. ज्याला धर्मराज म्हटले, ज्याच्यामागे सबळ कारण होते, युद्ध होते, खुद्द कृष्णाचा सल्ला होता, त्यालाही महाभारताने त्या हळू आवाजाचा हिशेब चुकवू दिला नाही. पानावर मोठ्या अक्षरांत ‘हिंजवडीपासून 10 मिनिटे’ आणि तळाशी चांदणीपुढे ‘रहदारी नसताना, प्रस्तावित रस्त्याने’ असे लिहिणाऱ्याने हा शेवट वाचायला हवा. तळाची ओळ लिहिली आहे म्हणून मोठी ओळ खरी ठरत नाही. कुठला शब्द मोठ्याने आणि कुठला हळू बोलायचा, याची निवड हेसुद्धा बोलणेच आहे.

इस्लामी परंपरेत याच जागेवर बोट ठेवणारा एक प्रसंग आहे. ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात तो येतो. प्रेषित मुहंमद बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. बोटांना ओल लागली. धान्यवाल्याने सांगितले, पावसाने भिजले आहे. प्रेषितांचे म्हणणे असे, की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? फसवणारा आमच्यातला नाही. धान्यवाला खोटे काही बोललाच नव्हता. विचारल्यावर त्याने सरळ खरे सांगितले. दोष होता तो ढीग रचण्यात. घराचे पानही असेच रचले जाते. विचारल्यावर एजंट सूसच सांगतो, पण विचारेपर्यंत बाणेर वर असते आणि सूस खाली. विक्रेत्याने उणीव आपण होऊन वर ठेवली पाहिजे, ही अपेक्षा कडक वाटते. पण ती व्यापाराला अशक्य नाही. कितीतरी जुने दुकानदार आजही गिऱ्हाईकाला ‘हे घेऊ नका, टिकणार नाही’ असे सांगतात आणि त्यांची दुकाने चालतात.

महाराष्ट्रात तर यातला बराच भाग आता कायद्याने सांगितलेला आहे. 2016चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, याच्या कलम 11प्रमाणे प्रकल्पाच्या जाहिरातीत प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक ठळकपणे द्यावा लागतो. कलम 12 त्याहून पुढे जाते. जाहिरातीतल्या चुकीच्या किंवा खोट्या विधानावर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर विकासकाने भरपाई द्यायची; आणि खरेदीदाराला बाहेर पडायचे असेल तर त्याची पूर्ण रक्कम व्याजासह परत करायची. कलम 10 एजंटांनाही खोट्या निवेदनांपासून दूर राहायला बांधते. ऑगस्ट 2023पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या प्राधिकरणाने, जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला केंद्राने ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या. एक दाखवून दुसरे गळ्यात मारणे हा त्यांतल्या 13 प्रकारांपैकी एक आहे. कायदा मात्र नुकसान झाल्यावर जागा होतो, आणि तेही ते सिद्ध करता आले तर. बाणेर शोधणाऱ्याचा एक रविवार सूसला जाऊन फुकट गेला, याची तक्रार कुठल्या न्यायासनापुढे करणार? धर्मविचार जिथे लागतो ती जागा ही आहे.

मापाचीही गोष्ट आहे. जैनांच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त गृहस्थाने टाळायच्या दोषांची बारीक यादी आहे. कूटलेख, म्हणजे खोटे लिखाण करणे, हा तिथे सत्यव्रताचा दोष आहे. कमीजास्त मापे ठेवणे आणि एकाच्या नावाने दुसराच माल खपवणे हे मात्र अचौर्यव्रताखाली येतात. अशा व्यवहाराला ग्रंथकार असत्याच्या रकान्यात न ठेवता चोरीच्या रकान्यात ठेवतो, हे फार मोलाचे आहे. रेरा येण्यापूर्वी सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना, लिफ्ट, व्हरांडा सगळे फ्लॅटच्या क्षेत्रफळात मिसळलेले असे. आता विक्री चटई क्षेत्रावर व्हायला हवी. तरीही ‘1000 स्क्वेअर फुटांचा फ्लॅट’ असे लोक शोधतात म्हणून तो आकडा पानाच्या शीर्षकात येतो आणि चटई क्षेत्र आत कुठेतरी राहते. शीर्षकाच्या आकड्यावर ज्याने मनात सोफा मांडला, पलंग मांडला, त्याच्याकडून खरोखरच काहीतरी हिरावून घेतले गेलेले असते.

या सगळ्यावर धंद्यातल्या माणसाचा एक रास्त आक्षेप आहे. तो म्हणतो, मी बाणेर लिहिले नाही तर माझे पान कुणाला दिसणारच नाही. शेजारचा लिहितो, त्याचे घर खपते. शिवाय बाणेर शोधणाऱ्या कितीतरी जणांना बाणेर परवडतच नाही, सूसचे घर पाहून ते खुश होतात. त्यांचे भलेच झाले की! हा युक्तिवाद उडवून लावता येत नाही. शोधणाऱ्याला न सुचलेला पर्याय दाखवणे हे खरोखर त्याच्या हिताचे असू शकते. पण त्यासाठी खोटेपणा लागत नाही. ‘सूस गावात, बाणेरच्या शेजारी: 2 बीएचके, बाणेरचा दर परवडत नसेल तर’ असे शीर्षक लिहावे. त्यात बाणेर हा शब्द आहे, सूस हा शब्द आहे आणि दोघांचे नातेही सांगितलेले आहे. खाली पहिल्याच परिच्छेदात लिहावे: ‘ही इमारत सूस-नांदे रस्त्याच्या बाजूला आहे. बाणेरला जायला महामार्ग ओलांडावा लागतो, सकाळी तिथे गर्दी असते. चटई क्षेत्र अमुक, महारेरा क्रमांक तमुक, पाणी सध्या टँकरचे.’ टँकरचा उल्लेख वाचून काही जण परत जातील. ते तसेही साइट पाहून परत गेलेच असते. जे उरतील ते सगळे समजून येतील. शोधणाऱ्याचा शब्द घ्यायला हरकत नाही, तो घेतला की त्याला उत्तर देणे बंधनकारक होते, एवढेच.

शब्द खरा असूनही अन्याय करू शकतो, याचेही भान ठेवायला हवे. ‘शाकाहारी कुटुंबांसाठी’ हा भाड्याच्या घरांच्या पानांवरचा नेहमीचा शोधशब्द. मुंबईत किती जणांना या दोन शब्दांनी दारातूनच परतवले आहे, हे भाड्याचे घर शोधलेल्या कुणालाही विचारावे. अमेरिकेत 1968च्या फेअर हाउसिंग कायद्याने धर्म, वंश अशा कारणांवरून पसंती दर्शवणारी घराची जाहिरातच बेकायदा ठरवली आहे. आपल्याकडे जाहिरातीपुरती तशी थेट बंदी नाही. इथे विधान खरे असते, मालकाची अट तशीच असते. व्यासभाष्याची शेवटची कसोटी नेमकी इथे उपयोगी पडते: या वाणीने कुणाचे भले होते आणि कुणावर घाव बसतो? लोक शोधतात एवढ्यावरून प्रत्येक शब्द पानावर घालण्यायोग्य होत नाही.

राहतो प्रश्न जबाबदारीचा. पान लिहिणारा म्हणतो, मला यादी मिळाली. एजंट म्हणतो, एजन्सीने केले. बिल्डर म्हणतो, मला त्यातले कळत नाही. योगसूत्रे यावर फार स्पष्ट आहेत. दुसऱ्या पादात पतंजली सांगतात की असे दोष स्वतः केलेले असोत, दुसऱ्याकडून करवलेले असोत किंवा नुसते संमत केलेले असोत, तिन्ही दोषच. आणि ते लोभ, क्रोध किंवा मोह यांतून येतात. शब्दामागे पैसे घेऊन पान लिहिणारा तरुण, ते मागवणारा एजंट आणि मान हलवून मंजूर करणारा बिल्डर हे तिघेही त्यात येतात. यातला सर्वांत कमकुवत पहिला आहे, त्याची नोकरी पणाला लागते. म्हणून नियम वरून यायला हवा. प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीत गावाचे खरे नाव आणि चटई क्षेत्र, एवढा नियम एजन्सीने आणि बिल्डरने आपल्यापुरता केला तरी निम्मा गोंधळ मिटेल.

आणि घर शोधणाऱ्यांनी एवढे करावे. पानावरचा महारेरा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकून प्रकल्पाचे गाव, तालुका, चटई क्षेत्र आणि ताब्याची तारीख पाहावी. ते शीर्षकाशी जुळत नसेल तर साइट पाहायला निघण्याआधी एजंटाकडून खुलासा लेखी मागवावा आणि त्या पानाचा फोटो तारखेसह जपून ठेवावा. कलम 12खाली दाद मागायची वेळ आली तर जाहिरातीत काय लिहिले होते हे दाखवावेच लागते.